फासकीला ससा कळत नाही

गडग्याचे दोन-तीन चिरे ढासळून खिंडार पडलंय, हातभर रुंद. खालचं गवत दबून एक बारीक पट्टा तयार झालाय आणि त्याच्या कडेला वाटाण्याएवढ्या, किंचित चपट्या, सुकलेल्या लेंड्या पडल्यात. ससा सवयीचा प्राणी. रात्री चरायला निघाला की ठरलेल्या वाटेने जातो, ठरलेल्या फटीतून आत शिरतो आणि उजाडायच्या आत परततो. खिंडाराच्या कडेला करवंदीच्या बुंध्याला तारेचं एक टोक बांधलंय. दुसऱ्या टोकाचा फास फटीच्या मधोमध, नीट पाहिलं नाही तर वेलीचा सुकलेला तंतू वाटावा असा.

कोकणात याला फासकी म्हणतात. ती लावणारा या क्षणी घरी झोपलेला असतो. शिकारीच्या बऱ्या-वाईटाचा निम्मा हिशेब त्या झोपेत आहे.

कायद्याच्या लेखी शिकार इथे झालेलीच आहे, ससा अजून यायचा असला तरी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली शिकारीची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. मारणं आणि विष घालणं त्यात आहेच, शिवाय पकडणं, पाठलाग करणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकून आणणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हेही आहे. ‘साहेब, काही मिळालं नाही, रिकाम्या हाताने परत आलो’ हा बचाव नव्हे, कबुली आहे.

पण आधी ससा कोणता ते पाहू. मराठीत हा एकच शब्द दोन प्राण्यांना चालतो आणि बरेच घोळ तिथूनच सुरू होतात. पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा हा युरोपात बिळं करून कळपाने राहणाऱ्या जातीचा पाळीव वंशज. आपल्या माळावरचा ससा निराळा: मानेच्या मागे काळा डाग, शेपटीची वरची बाजू काळी, मागचे पाय लांब. तो बीळ करत नाही. गवताच्या बुडाशी अंगाच्या मापाचा उथळ खळगा करतो, कान पाठीवर पाडतो आणि पाय पडायची वेळ येईपर्यंत हलत नाही. घरच्या सशाची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. माळावरच्या सशाची केसांसकट, डोळे उघडे ठेवूनच येतात, कारण त्यांच्यावर छप्पर नसतं. अधिनियमातला ‘वन्य प्राणी’ म्हणजे अनुसूचीत नाव असलेला आणि निसर्गात रानटी अवस्थेत आढळणारा. त्यामुळे पाळीव ससा या कायद्याबाहेर, माळावरचा आत. इंटरनेटवर सशाच्या शिकारीचं जे ज्ञान वाहतं ते बहुतेक त्या बिळातल्या सशाचं. ऑस्ट्रेलियात १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी म्हणून २४ ससे सोडले आणि पुढे त्यांनी अर्धा खंड कुरतडला. तिथे ससा मारणं हे शेतीचं कर्तव्य होऊन बसलं. तिथली नीती उचलून सोलापूरच्या माळावर आणता येत नाही. इथला ससा इथलाच आहे आणि लांडगा, खोकड, रानमांजर, घुबड, बिबट्या अशा सगळ्यांच्या जेवणात त्याचा वाटा आहे.

आता कायदा कसकसा बदलत गेला ते पाहण्यासारखं आहे. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत हरणं, गवे आणि गेंड्यांच्या पंगतीत ससाही होता. तेव्हा मुख्य सोय बंदीचा हंगाम ठरवण्याची होती. १९७२ च्या अधिनियमात तो ‘लहान शिकार’ या वर्गात, चौथ्या अनुसूचीत आला. परवाना काढून ससा मारता येत होता. खरी मेख कलम १७ मध्ये होती. शिकार कशी करायची नाही याची लांबलचक यादी त्यात होती: गाडीतून नाही; जाळी, फास, सापळे, खड्डे, विष, स्फोटकं नाहीत (पकडण्याचा वेगळा परवाना असेल तरच जाळं); कृत्रिम उजेड नाही; सूर्यास्त ते सूर्योदय नाही; पाणवठ्यावर किंवा त्याच्या वाटेवर नाही; वणवा लावून नाही; दुसऱ्याच्या जमिनीवर त्याच्या संमतीशिवाय नाही; आणि पाणपक्षी, चकोर, तितर, लावे सोडले तर कुत्र्यांच्या मदतीनेही नाही.

वाचताना बरं वाटतं. उजेडात डोळे दिपलेल्या प्राण्यावर बार टाकू नये, तहानेने आलेल्याला मारू नये, हे कुणालाही पटेल. पण सगळं वजा केल्यावर उरलं काय? दिवसाढवळ्या, पायी, खुल्या हंगामात, परवान्याची बंदूक. आणि त्या काळी परवान्याची बंदूक कुणाच्या खुंटीला होती? इनामदाराच्या, पाटलाच्या, शहरातून जीप घेऊन येणाऱ्या वकील-डॉक्टरांच्या. ज्यांच्याकडे वाघूर (शिकारीचं जाळं), फास आणि कुत्री होती ते पारधी, नंदीवाले, वैदू. त्यातल्या पारध्यांवर तर ब्रिटिश काळातल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसलेला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. कलम १७ ने पद्धतींची प्रतवारी लावली ती सशाच्या वेदनेवरून लावली होती, असं म्हणायला जीभ रेटत नाही. ती बऱ्याच अंशी विलायती शिकारी क्लबातल्या सभ्यतेवरून लावलेली होती.

त्या सभ्यतेचा एक नमुना घ्या: बसलेल्या सशावर गोळी झाडू नये, त्याला उठवावं, धावू द्यावं, मग मारावं. सशाच्या बाजूने पाहिलं तर हे उफराटं आहे. छऱ्याच्या काडतुसातून दाणे पसरत जातात. पंचवीस-तीस पावलांवर बसलेल्या सशाच्या डोक्या-छातीत पुरेसे दाणे लागतात आणि तो जागच्या जागी संपतो. तोच पळत असेल तर दाणे मागच्या अंगात घुसतात, अंतर वाढलं की विरळ होतात, आणि ससा पोटात दोन छर्रे घेऊन घाणेरीच्या जाळीत शिरतो. तो तिथे कधी मरतो ते कुणी मोजत नाही. शिकाऱ्याची वही स्वच्छ राहते. या नियमाने सशाला संधी मिळते हे खरं, पण नियम जपतो तो बंदूकवाल्याचा मान.

याउलट वाघूर. सुताचं लांब जाळं, काठ्यांवर मुद्दाम सैल टांगलेलं. समोरून माणसं हाका घालत येतात, ससा जाळ्यात आदळतो आणि सैल सूत त्याच्यावर कोसळतं. जाळ्यापाशी माणूस दबा धरून बसलेला असतो, म्हणून सगळं काही क्षणांत आटोपतं. इथे एक शक्यता असते जी बंदुकीत नाही: पाहून सोडून देण्याची. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा जो अभ्यास केला, त्यात दोन गोष्टी नोंदल्या गेल्या. एक, या जमातींनी पद्धती आणि सावज जणू वाटून घेतलं होतं: फासेपारध्यांचे फास काळवीट आणि पक्ष्यांसाठी, नंदीवाल्यांची कुत्री रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीवर, वैदूंचे सापळे छोट्या मांसाहारी प्राण्यांवर. दोन, फासात गाभण मादी किंवा पाडस आलं तर फासेपारधी ते सोडून देत. पुन्हा तिथेच यायचं असतं, म्हणून केलेला हा व्यवहार. त्याला नीती म्हणायला काय हरकत आहे?

मात्र सोडून देणं दिसतं तेवढं सोपं नाही. पकडलेला वन्य प्राणी भीतीने आणि धडपडीने आतून मोडतो. स्नायूंचे तंतू तुटतात, त्यातून निघालेलं द्रव्य मूत्रपिंडांना बाधतं, आणि टुणकन उडी मारून पळालेला प्राणी काही तासांनी किंवा दिवसांनी मरून पडतो. पशुवैद्य याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. सशासारख्या भित्र्या प्राण्यांत हा धोका मोठा. ‘गंमत म्हणून धरला, फोटो काढला, सोडला’ हे कायद्याने शिकारच आहे, आणि बऱ्याचदा परिणामानेही.

कुत्र्यांची गोष्ट वेगळी. सांगली, सोलापूर, लातूरकडे कारवान जातीची कुत्री प्रेमाने सांभाळतात. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचं नाव तर जगभर गेलं. हे कुत्रं मुख्यतः नजरेने शिकार करतं. सरळ पळण्यात ससा त्याला भारी पडत नाही, म्हणून तो एकदम काटकोनात वळतो; लांब पायांचं कुत्रं वेगात पुढे निघून जातं, वळेपर्यंत सशाला वीस-तीस पावलं मिळतात. हे पाहायला लोकांना आवडतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण हा खेळ लांबतो तेवढा सशाचा दम आणि रक्त दोन्ही तापतं, आणि दोन कुत्री असली तर शेवट ओढाताणीत होतो. कारवान पाळणं हा गुन्हा नाही. सशामागे सोडणं हा आहे, ससा निसटला तरी. ‘कुत्रं आपोआप धावलं’ हे उत्तर ठरलेलं असतं. ते टिकत नाही तेव्हा बहुतेक वेळा आरोपीच्याच मोबाइलमधल्या व्हिडिओमुळे टिकत नाही.

बॅटरीच्या शिकारीत वेदना कदाचित सगळ्यात कमी असेल. सशाचा डोळा अंधुक प्रकाशाला सरावलेला असतो. झगझगीत झोत पडला की तोच डोळा दिपतो आणि ससा थिजून उभा राहतो. पण या पद्धतीला थांबा नाही. वाघूर लावायला दहा माणसं लागतात, दिवस मोडतो, चार सशांनंतर सगळे दमतात. मोटरसायकलवरचे दोघं जण एलईडी टॉर्च घेऊन रात्रीत तीन गावांचे माळ पालथे घालू शकतात आणि दुसऱ्या रात्री पुन्हा येऊ शकतात. पद्धत जितकी सोपी तितका तिला आतून लगाम कमी. जुन्या कलम १७ मधली उजेडाची बंदी निदान इथे तरी नेमकी होती.

आणि फासकी. हिच्याकडे परत यायचं कारण, आज प्रत्यक्ष नुकसान सगळ्यात जास्त हीच करते. पूर्वी फास घोड्याच्या शेपटीच्या केसांचे, आतड्याच्या वादीचे, सुताचे असत. मोठ्या प्राण्याने जोर लावला तर तुटत, पावसाळ्यात कुजत. आता मोटरसायकलच्या क्लचची किंवा ब्रेकची वायर वापरतात. पोलादाचे अनेक बारीक तंतू पिळून केलेली ही वायर फासाच्या डोळ्यातून एकदा घट्ट सरकली की पिळाच्या घर्षणामुळे मागे येत नाही. प्राणी जितका ओढतो तितकी रुतते. ती वर्षानुवर्षं कुजत नाही. लावणारा विसरला, मुंबईला गेला, वारला, तरी ती आपलं काम करत राहते. आणि गडग्याच्या ज्या फटीतून ससा जातो त्याच फटीतून उदमांजर, साळिंदर, कोल्हा, गावातलं कुत्रं जातं. बिबट्याही जातो. त्याचं डोकं आणि पुढचे पाय आरपार निघतात आणि फास कमरेत बसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांत ‘फासकीत अडकलेला बिबट्या’ ही बातमी इतकी ओळखीची झालीय की लोक पान उलटतात. त्यातले काही बेशुद्ध करून सोडवले जातात. पण कमरेभोवती तासन्‌तास तार आवळलेली असेल तर वरून किरकोळ दिसणाऱ्या जखमेच्या आत काय फाटलंय ते नंतर कळतं. ‘आम्ही सशासाठी लावली होती’ हे खरंही असेल. तारेला ते कुणी सांगितलेलं नसतं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे आकडा टाकून शेताभोवती सोडलेली तार. ती मुख्यतः डुकरासाठी असते, मरतो जो स्पर्श करेल तो; पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीसुद्धा. तिथे वन्यजीव कायद्याच्या जोडीला वीजचोरी लागते आणि माणूस गेला तर सदोष मनुष्यवध. बाजारात मिळणारं झटका मशीन वेगळं: ते साधारण सेकंदाला एक, अतिशय अल्प काळाचा ठोका देतं, प्रवाह अखंड वाहत नाही. दोन्हींना गावात ‘करंटची तार’ म्हणतात, हा शब्दाचा दोष जीवघेणा आहे.

१९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपले आणि त्यांच्याबरोबर कलम १७ ची पद्धतींची यादीही गेली. तेव्हापासून कायदा ‘कशी’ हा प्रश्न विचारत नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूच्यांची फेरमांडणी झाली आणि ससा दुसऱ्या अनुसूचीत गेला. कलम ९ प्रमाणे शिकार बंद. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधी दंडाची मर्यादा २५ हजार होती. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात केली तर किमान ३ वर्षं, कमाल ७. गाडी, बंदूक, जाळं, टॉर्च जप्त. शेती संरक्षणाचा बंदूक परवाना शिकारीचा परवाना होत नाही, हे कोकणात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पिकाला धोका असलेल्या दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याबद्दल लेखी आदेश देण्याचा अधिकार कलम ११ खाली आहे, पण तो अधिकाऱ्याचा. शेतकऱ्याने स्वतः ठरवायचा नाही. आदिवासींनाही यात सवलत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध, डिंक, बांबू, चराई मान्य करताना शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. शिमग्याच्या पारधीला रूढी म्हणून संरक्षण नाही.

सरसकट बंदी मला योग्य वाटते, आणि कारण व्यवहारी आहे. हजारो एकरांच्या बीटवर, म्हणजे गस्तीच्या हद्दीवर, एकटा वनरक्षक. रात्री दोन वाजता त्याने पद्धतीची नैतिकता तपासत बसावं, ही अपेक्षा बरोबर नाही. पण बंदी सरसकट असली की पकडलं कोण जातं ते पाहा. वाघुरीपाशी माणूस असतो, कुत्र्यांपाशी असतो, मांस शिजत असलेल्या पालापाशी असतो. फासकीपाशी कुणी नसतं. जी पद्धत सगळ्यात आंधळी तीच सगळ्यात सुरक्षित, लावणाऱ्यासाठी. कातडं काढलेलं मांस सापडलं तर ते सशाचंच हे डीएनए तपासणीने ठरतं. क्लच वायर कुणाची हे कशाने ठरवायचं?

ब्रिटनने उलटा रस्ता धरलाय. इंग्लंड-वेल्सच्या २००४ च्या कायद्याने माळावरच्या सशामागे कुत्री सोडण्याच्या स्पर्धा बंद केल्या, बिळातल्या सशाला त्यातून वगळलं. फासांबद्दल तर वेल्सने २०२३ मध्ये आणि स्कॉटलंडने २०२४ मध्ये साधनावरच पूर्ण बंदी आणली. ससा मारायला परवानगी, फास लावायला नाही. आपल्याकडे दोन्हीला नाही, पण दोन्हीचं मोल एकच. फासाला वेगळी, वाढीव शिक्षा असायला हवी होती, मग त्यात काहीही अडको वा न अडको.

ससा पिकाचं नुकसान करतो हे खोटं नाही. हरभऱ्याचे कोवळे शेंडे, भुईमुगाची रोपं आणि उन्हाळ्यात नव्या कलमांची साल त्याला आवडते. पण त्याच्यासाठी तार लावण्याची गरज नाही, कारण तो उकरण्यात कच्चा आहे. कोंबड्यांची जाळी दोन-अडीच फूट उंच, खालची वीतभर कड बाहेरच्या बाजूला वळवून वर दगड ठेवले की पुरतं. कलमांना बुंध्याभोवती दोन फुटांचं जाळीचं नळकांडं, बुंध्याला न टेकणारं. टेकलं तर साल घासली जाते आणि सशाऐवजी आपणच झाड मारतो.

गवत कापताना पिल्लू दिसलं तर उचलू नये. मादी दिवसभर पिल्लापाशी बसत नाही, ती अंधारात येऊन पाजून जाते. एकटं दिसलं म्हणून ते पोरकं नसतं. दुधाच्या बाटलीने वाढवलेली बहुतेक पिल्लं जुलाबाने जातात, आणि ते घरात ठेवणं हा वर गुन्हाच.

फासकी रिकामी दिसली तर जागेचा आणि गाठीचा फोटो काढावा, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं आणि आसपासच्या फटी पाहाव्यात. एक लावणारा एकच लावत नाही. आत प्राणी असेल तर जवळ जाऊ नये, गर्दी जमू देऊ नये; बघ्यांमुळे धडपड वाढते आणि तार आणखी रुतते. वनरक्षक आला की पंचनाम्यात तार बुंध्यावरच्या गाठीसकट घ्यायला सांगावी. नुसता फास मोडून तार गडग्यावर ठेवली, तर संध्याकाळपर्यंत ती पुन्हा खिंडारात असते.